नामदेवभावजींचा एक फोटो हवा आहे

मागच्या शनिवारी कुरियरने आलं ते असं... कॅमेऱ्यावर बसवायचा फ्लॅश, सेकंडहँड, अठराशे रुपये. चार पेन्सिल सेल, ऐंशी. कुरियरचे वेगळे साठ. हे सगळं एका फोटोसाठी.

फोटो नामदेवभावजींचा. आमच्या यांचे गिरणीतले जोडीदार. शेजारशेजारच्या मागांवर दोघांनी बारा वर्षं काढली, मग संप झाला आणि दोघेही घरी बसले ते बसलेच.

गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरायचा होता, त्यावर ताजा फोटो हवा. भावजी परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. छातीत तेव्हाची कापसाची धूळ, नाकात ऑक्सिजनची नळी... जिने उतरून स्टुडिओत जाणं शक्यच नव्हतं.

स्टुडिओवाला घरी यायचे जास्त मागत होता. मी म्हटलं, मुलीचा डिजिटल कॅमेरा पडून आहे. त्याचा आतला फ्लॅश तेवढा बिघडलाय, बाहेरचा घेतला की पुढेही उपयोगी पडेल. काटकसरीची सवय आहे मला. या वेळी ती नको तिथे केली.

फ्लॅश घरात आला तसा यांनी तो देवापुढे ठेवला. गिरणीत खंडेनवमीला मागांची पूजा व्हायची. नवीन यंत्र कुंकू लावल्याशिवाय चालवायचं नाही हा यांचा नेम, गिरणी गेली तरी तो काही गेला नाही. मी निरांजन लावलं, यांनी ओलं कुंकू फ्लॅशच्या बुडाला लावलं, जिथून तो कॅमेऱ्यावर सरकवतात तिथे. "जोड असतो तिथेच लावायचं असतं," म्हणाले.

फ्लॅशवर टेस्टचं बटण होतं, ते दाबून बघितलं. लख्ख उजेड पडला. कॅमेऱ्यावर चढवून एखादा फोटो मात्र काढला नाही... सेल उगाच कशाला उतरवायचे!

रविवारी सकाळी गेलो. सुशीलाने, म्हणजे भावजींच्या बायकोने, त्यांची दाढी करून दिली होती. पांढरा शर्ट, मागे भिंतीवर पांढरी चादर. खोलीची खिडकी बोळात उघडते, त्यामुळे सकाळी दहालासुद्धा अंधारच.

फ्लॅशच्या कडेला लाल दिसलं तसे भावजी हसले. "काय रे विठू, यालापण टिळा?"

हे म्हणाले, "गप बस. विणखात्यात पूजेला कधी उभा राहिलास? पेढे वाटताना बरोब्बर पुढे."

"मी बौद्ध माणूस, पूजेला कशाला उभा राहू? पेढ्याला जात नसते रे!" एवढं बोलले आणि खोकल्याची उबळ आली.

ती थांबल्यावर त्यांनी स्वतःच नाकातली नळी काढली. "लवकर घ्या वहिनी. अर्जावर आजारी नको दिसायला." मान ताठ करून बसले.

मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता काळोख... फ्लॅश पेटलाच नाही. परत दाबलं. परत तेच. तीन वेळा त्यांनी श्वास धरला, तीन वेळा मी बटण दाबलं. ओठ निळसर दिसायला लागले तशी सुशीलाने नळी परत लावली. "बास आता, ताई."

भावजी म्हणाले, "राहू द्या वहिनी. संपात एवढं थांबलो, उद्यापर्यंत थांबेन की."

घरी येऊन यांनी फ्लॅश काढून उजेडात धरला. बुडाला धातूच्या टिकल्या असतात, कॅमेरा त्यांच्यातून फ्लॅशला पेटायला सांगतो. त्यांच्यावर कुंकू सुकून बसलं होतं. सुक्या फडक्याने पुसलं, परत चढवला, बटण दाबलं... पहिल्या झटक्यात पेटला. "माझ्याच हाताने," हे एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी सातलाच निघालो. चाळीच्या जिन्यात माणसं उभी होती. भावजी पहाटे गेले होते.

सुशीला माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "कॅमेरा आणलाय ना? मग काढा." घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. लग्नातले वाळवीने खाल्ले, गिरणीचा पास गेटवर जमा झाला, मतदार कार्डावर नुसता काळा डाग, आणि संपानंतर फोटो काढून घ्यायची चैन आमच्यापैकी कोणी केली?

काढला. फ्लॅश पेटला. डाव्या भुवईवरची जुनी खोकसुद्धा स्वच्छ आली. तिने पडद्यावर बराच वेळ बघितलं... "हा नको. यात ते माझ्याकडे बघत नाहीत." मी तिच्यासमोरच तो पुसून टाकला.

रविवारचे तीन काळे फोटो स्टुडिओत उजळून बघितले. शर्टाची कॉलर दिसते, चेहरा नाही.

यांनी तिला कुंकवाचं सगळं सांगितलं, हात जोडून. मला वाटलं, आता ती तोडून बोलेल. बोलली असती तरी ऐकून घेतलं असतं... ती यांना म्हणाली, "भावजी, त्या टिळ्यापायी ते लई दिवसांनी हसले होते." एवढं मोठं मन माझं झालं असतं का, देव जाणे.

म्हणून इथे लिहिते आहे. परळ-लालबागच्या ज्या घरांत संपाच्या सभेचा, गेटवरचा, खात्यातल्या कुणाच्या लग्नाचा जुना फोटो असेल, त्यांनी तो एकदा काढून बघा. उंच माणूस, डाव्या भुवईवर खोक. गर्दीत मागे उभे असतील तरी चालेल, डोळे तेवढे उघडे हवेत. मूळ फोटो तुमच्याकडेच राहील, मी येऊन त्यावरून फोटो काढून नेईन. या रविवारी त्यांचं पुण्यानुमोदन आहे, तिथे समोर ठेवायला तरी फोटो हवा. इथेच खाली लिहा, पण उलट टपाली कळवा.