बिऱ्हाडकरू पारखायची रीत

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमचं घर होतं आणि त्याचा पुढचा भाग वडील भाड्याने देत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओटी. भाडेकऱ्याला आम्ही बिऱ्हाडकरू म्हणत असू. कोर्टकचेऱ्या गावातच असल्यामुळे बदली होऊन आलेले कारकून, शिक्षक, बेलीफ जागा शोधत सदा हिंडत असायचे. जागा रिकामी झाली की वडील आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात एकदा तसं बोलत, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी माणसं उभी. बिऱ्हाडकरूंना तोटा नव्हता. चांगला कोणता, एवढाच प्रश्न असे.

या प्रश्नाचं उत्तर गावात प्रत्येकाकडे तयार होतं. सडाफटिंग नको, मासे खाणारा नको, ज्याची बायको भांडकुदळ तो तर मुळीच नको. आमचे वडील यातलं सगळं बघत. शिवाय ओळखीच्या माणसाची शिफारसचिठ्ठी मागत. अशीच एक भरभक्कम चिठ्ठी घेऊन मुन्सफ कोर्टातले एक कारकून आमच्याकडे राहायला आले. गंध लावलेले, मऊ बोलणारे. महिना झाल्यावर ते वडिलांना म्हणाले, "एक विनंती आहे. आपल्या भगिनी सकाळी अंगणात आडव्या येतात. मी कोर्टाच्या कामाला निघालेला असतो. तेवढं जरा..."

भगिनी म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. डोक्याचं वपन केलेलं, अंगावर लाल आलवण. अशा बाईचं दर्शन घराबाहेर पडताना झालं की काम बिघडतं, असं सगळेच मानत. वडिलांचा स्वभाव भिडस्त. ते म्हणाले, "सांगतो." आणि त्यांनी आत्याला सांगितलं, की ते गृहस्थ बाहेर पडेपर्यंत तू मागेच थांब.

ऐकायला ही गोष्ट लहान वाटते. पण आमची विहीर पुढच्या अंगणात होती, आणि आत्याचं सोवळ्यातलं पाणी आत्यानेच भरायचं असे. दुसऱ्याने भरलेलं तिला चालत नसे. ते पाणी येईपर्यंत अंघोळ नाही, पूजा नाही, चूल नाही, आणि जेवण तर दिवसातून एकदाच. विहिरीचा कठडा ठेंगणा, म्हणून उजाडायच्या आधी जायची बंदी होती. ते कारकून साडेदहाला निघत. मग आत्या बाहेर येई. तिच्या तोंडात पहिला घास पडायला दोन वाजत. दीड वर्ष हे असं चाललं. मी आठ-नऊ वर्षांची होते; मागच्या खोलीत रिकामी घागर पुढ्यात घेऊन बसलेली आत्या मी रोज बघत होते, आणि तिच्याबद्दल मला काही विशेष वाटत नव्हतं. घरातल्या वस्तू जिथल्या तिथे असतात, तशी ती तिथे असे.

त्या गृहस्थांची बदली झाली. त्यांची बैलगाडी वळणाआड गेली तशी आत्या वडिलांपुढे येऊन उभी राहिली. ती त्यांच्याकडे सहसा काही मागत नसे. म्हणाली, "दादा, आता जो आणशील तो मला अंगणात चालू देणारा आण. चिठ्ठी नसली तरी चालेल."

वडिलांना लागलं असावं. ते सुधारकांची व्याख्यानं ऐकून येत आणि जेवताना आम्हांला सांगत, आमच्या आईला त्याचा फार कंटाळा होता. यावेळी मात्र त्यांनी एक युक्ती काढली. जागा बघायला येणाऱ्याला ते रविवारी सकाळी आठ वाजता बोलवू लागले. माणूस अंगणात येऊन उभा राहिला की वडील आतल्या बाजूला बघून खाकरत, आणि आत्या घागर घेऊन त्याच्या समोरून विहिरीकडे जाई. बस्स. जागा किती हात लांब, किती रुंद, हे बोलणं त्यानंतर.

मी ओटीवर बसून सगळे नमुने पाहिले आहेत. एक पोस्टातले गृहस्थ होते, त्यांनी तोंड फिरवून तुळशीकडे बघितलं. एक शिरस्तेदार "राम राम" पुटपुटत आल्या पावली मागे गेले, चपला घालून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात परत आले. एक वैद्य तर वडिलांनाच समजावू लागले, की अहो, यांना मागच्या बाजूने पाणी आणायची सोय करा. सगळ्यांना वडील एकच सांगत, "जागा दिली गेली." जागा मात्र रिकामी ती रिकामीच. आई चिडायची. शेजारी म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. आत्याला या खेळात मजा वाटू लागली होती, हे मी शपथेवर सांगेन. एकदा आत येऊन ती मला हळूच म्हणाली, "आजचा बघितलास? माझ्यापेक्षा तोच जास्त भ्यायला."

चार महिन्यांनी एक शाळामास्तर आले. काटकुळे, छत्रीला ठिगळ. आत्या समोरून गेली. ते बाजूला सरकले, पण स्पर्श होऊन तिचं सोवळं मोडू नये इतकेच. मग त्यांनी वडिलांना विचारलं, "विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का?" वडिलांनी तिथल्या तिथे किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. शिफारसचिठ्ठी मास्तरांच्या खिशातच राहिली.

पुढची तीन वर्षं आत्या सूर्य उगवला की विहिरीवर असायची. मास्तर छत्री घेऊन निघायचे, तिच्यासमोरून जायचे, आणि त्यांची शाळा काही बुडाली नाही. मास्तरीणबाई तिच्याशी कठड्यापाशी गप्पा मारत. आत्या दहाला जेवू लागली. तिचा आवाज मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. वडील आल्यागेल्याला आपली पारखायची रीत सांगत आणि लोक हसत, पण मान डोलवत.

मग माझ्या लग्नाचं निघालं. स्थळ कल्याणचं. वडील बोलणी पक्की करायला सकाळच्या आगगाडीने जाणार होते. पगडी घालून ते ओटीवर आले. आई आतून म्हणाली, "इकडून एवढ्या कामाला जाणं होतंय. वन्संना तेवढं सांगावं. आजच्या दिवस."

 वडिलांनी पगडी काढून पुन्हा नीट घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, आत्याला म्हणावं, मी निघेपर्यंत जरा आत थांब."

मी गेले. आत्या घागर कमरेवर घेऊन दाराशी आलीच होती.

"बाबांनी सांगितलंय, ते निघेपर्यंत आत थांब."

"दादाने?"

"हो."

तिने घागर खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकून बसली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. कामं नीट व्हावीत, एवढंच माझ्या मनात होतं. लग्न माझं होतं.

दिवेलागणीच्या आधी वडील परत आले, खुशीत होते. लग्न ठरलं होतं. आत्याला स्वतः हाक मारून त्यांनी पेढा दिला आणि म्हणाले, "घर उत्तम आहे. माणसं अगदी पारखून घेतली."

"त्यांच्याकडे माझ्यासारखी कुणी आहे का रे?" आत्याने विचारलं.

वडिलांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधला. मग म्हणाले, "ते विचारायचं राहिलं."

होती. माझी थोरली जाऊ, अठरा वर्षांची. लग्नाच्या मांडवात ती येणं शक्यच नव्हतं, आणि मी नांदायला गेल्यावरही आठवडाभर ती मला दिसली नाही. नव्या नवरीच्या दृष्टीला ती पडू नये म्हणून घरातली सगळी माणसं जपत होती. एका दुपारी वाट चुकून मी मागचं दार उघडलं तर ती तिथे तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिने घाईघाईने पदर पुढे ओढला.

"आत जा गं," ती म्हणाली. "कुणी बघितलं तर मला बोलतील."

तिच्याजवळ बसावं, निदान काहीतरी बोलावं, एवढं मला कळत होतं. मी दार लावून घेतलं आणि आत गेले.