मावशीचं नाक आणि प्लास्टरमधलं पिल्लू

गुड्डीच्या प्लास्टरमधून कुजका वास आला आणि चप्पल न घालता मी समोर राहणाऱ्या मावशीच्या टपरीवर पळाले, कारण सगळ्या विसरवाडीत भरवशाचं नाक एकच आहे, ते तिचं. गुड्डी म्हणजे माझी पोरगी, अजून बालवाडीत जाते. उकळत्या दुधात हात घातला तिनं. दवाखान्यात मांडीची चामडी काढून हातावर बसवली आणि ती सरकू नये म्हणून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. सिस्टर सांगत होत्या, भिजू देऊ नका, हात उशीवर उंच ठेवा, बोटं थंड पडली, काळीनिळी दिसली, ताप आला नाहीतर घाण वास आला तर थांबू नका, लगेच आणा. मी सातवीतून शाळा सोडलेली, एवढं कुठून लक्षात राहणार, घाबरून घाबरून फक्त वास तेवढा राहिला. मग मला दिवसभर वासच यायचा. गटारीचा आला तरी मी रडायला बसायचे.

मावशीची फाट्यावर भज्यांची टपरी आहे. काहीही हातात घेतलं की आधी नाकाला लावते. बेसन, दूध, धुतलेली भांडी, नवी साडीसुद्धा. एकदा माझ्या नवऱ्याला दारातच थांबवून म्हणाली, "भाऊ, बिडी सोडी दिन्ही ना तुम्ही? मंग हाऊ वास कोना शे?" तेव्हापासून तो मागच्या दारानं येतो.

ही मावशी रोज सकाळी टपरी उघडायच्या आधी आमच्याकडे यायची, हात धुवायची, गुड्डीची बोटं गालाला लावून गरम आहेत का बघायची, मग प्लास्टरच्या दोन्ही टोकांना नाक लावायची, डोळे मिटून, देवळात उभी असल्यासारखी. "काहीच नही शे. चहा टाक." तेवढं ऐकलं की माझ्या जिवात जीव यायचा.

खाजेचा वेगळाच ताप. गुड्डी झाडूची काडी काढून आत घालायला बघायची, मी मारून पाहिलं, रडून पाहिलं. मावशीनं मांडीवर घेतलं नि कानात सांगितलं, "आत मांजरनं पिलू झोपेल शे. तेच नखं मारस. काडी घाली तर त्याना डोया फुटी जाई." संपलं. पोरीनं काडीला हात लावला नाही. उलट हात उशीवर हळूच ठेवायची आणि प्लास्टरला गाणं म्हणायची.

तर त्या दिवशी तो वास. मावशी पिठाच्या हातानं तशीच आली. हुंगलं, परत हुंगलं. "बाई व, हाई ते सुकट शे."

गुड्डी म्हणाली, "पिल्लूला भूक लागली होती."

बाजारातून आणलेली सुकट तिनं चिमटीचिमटीनं आत सारली होती. मला एकदम हसूच फुटलं. मावशी नाही हसली. "चाल दवाखानामा."

"सुकटच आहे ना मावशी."

"सुकटना खाले काय शे, ते मन्हा नाकले कसं समजी? चाल."

जाताना टपरीवर गिऱ्हाइकं उभी असताना तिनं शेगडी विझवली. जीपमध्ये सगळी वाट गुड्डीचा हात स्वतःच्या खांद्यावर उंच धरून बसली. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं तेव्हा मी आत होते, ती बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी. चामडी नीट धरली होती. धुऊन नवीन प्लास्टर घातलं. मी सांगायला बाहेर आले तर मावशीचे डोळे लाल. "पिलू तर मन्हंच ना व," एवढंच बोलली.

आता प्लास्टर निघालं. हात लालसर आहे, पण मूठ वळते. पिल्लू कुठं गेलं विचारलं तर मावशी सांगते, ट्रकमा बसीसन सुरतले गयं.

ती अजून रोज सकाळी येते. हात धुते, गुड्डीचा उघडा हात नाकाला लावते, डोळे मिटते. "काहीच नही शे," म्हणते, पण पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबते. तिच्या घरी तिच्याशिवाय कोणी नाही. सासू मला म्हणते, हात बरा झाला, आता नको येऊ म्हणून सांग तिला. मी रोज सांगायचं ठरवते, आणि रोज मावशी दारात दिसली की गुड्डी आपणच बाही वर करून बसते. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?