कन्हाऱ्यांचा तुलाराम

वैनगंगेच्या पाण्यात कुठंही माणूस गेला, की पोलीस ठाण्यातून एकच निरोप निघायचा, "कन्हाऱ्याले बोलवा." त्या निरोपात पहिलं नाव नसायचं. आधी सेवकराम कन्हारे जायचा, त्याच्यामागे त्याचा मुलगा तुलाराम जायला लागला. ठाणेदार बदलत, जमादार निवृत्त होऊन घरी बसत, पण नव्या माणसाला जुना माणूस जाताना हे आडनाव सांगून जायचा. जिल्ह्यात कन्हारे या नावाची ओळख होती ती एवढीच. हे लोक बुडालेल्यांची मढी वर काढतात.

आसगावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती मोठी, पण कन्हाऱ्यांचं घर एकच. तुलारामचा आजा गुलाब वरच्या अंगाने आला होता. तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या पुढे, नदीकाठी कन्हारी नावाचं गाव आहे, तिथून. बायको, एक जाळं आणि पाठीवर लेकरू. लोकांनी विचारलं कुठला, तर तो म्हणाला कन्हारीचा. तेवढ्यावर तो कन्हारे झाला. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो? ते बाहेर पडणाऱ्यालाच लागतं. पिढ्या गेल्या तरी आसगावात भांडण निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "तुमी त बाहेरचे."

गाव का सोडलं, असं विचारलं तर घरात उत्तर ठरलेलं होतं. अकाल पडला होता, मोठा दुष्काळ. तुलारामने कन्हारी कधी पाहिली नव्हती आणि पाहावी असंही त्याला वाटलं नव्हतं. आजाने मरताना सेवकरामकडून एक वचन घेतलं होतं, ते मात्र त्याला पाठ होतं. पाण्यात गेलेल्यासाठी कुणी दाराशी आलं तर नाही म्हणायचं नाही, आणि रिकाम्या हाताने परत यायचं नाही.

तुलाराम मिशी फुटायच्या आधी बापासोबत पहिल्यांदा उतरला. कमरेला दोर, तोंडात श्वास, आणि खाली गढूळ पाण्यात हाताने चाचपत जायचं. डोळ्यांचा उपयोग नसतो. बोटांना आधी कापड लागतं किंवा केस लागतात. बापाने त्याला शिकवलं होतं, की सापडलं म्हणून घाबरून ओढायचं नाही, आधी मनात बोलायचं. तुलाराम पुरुष असला तर म्हणायचा, "चाल बापू, घरी चाल." बाई असली तर, "चाल माय." मग काखेत हात घालून वर आणायचा. काठावर आरडाओरडा सुरू व्हायचा तेव्हा तो बाजूला जाऊन ओल्या अंगाने बिडी ओढत बसायचा. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. ज्यांनी त्याला हात जोडून आणलेलं असायचं तेही जाताना नजर चुकवायचे.

याचा खरा भोग रेवताबाईच्या वाट्याला आला. ती त्याची बायको. नवऱ्याने तळ्यातून आणलेली मासळी टोपलीत घेऊन ती आठवडी बाजारात बसायची. तुलारामने मढं काढल्याची बातमी बाजारात तिच्या आधी पोचलेली असायची. बाया टोपलीशी यायच्या, मासा उलटापालटा करायच्या आणि विचारायच्या, "कोनत्या पान्यातला होय वो?"

"तलावातला होय, माय. नदीतला नाही."

"असन," म्हणून त्या पुढच्या टोपलीकडे जायच्या. त्या दिवशी रेवताबाई मासळी तशीच घरी आणायची आणि मीठ लावून छपरावर वाळत घालायची. नवऱ्याला ती कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुमच्या बुढ्यानं वचन देल्लं, अन् भोगून मी राहिली."

त्यांचा एकच मुलगा, देवानंद. त्याने नदीत पाय घातला नाही. शाळेत पोरं त्याच्या शेजारी डबा खायची नाहीत, ते तो विसरला नव्हता. दहावी झाल्यावर वरठीला निघून गेला, तिथल्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आणि स्टेशनजवळ खोली घेऊन राहिला. सणाला मोटरसायकलवर यायचा, दुसऱ्या सकाळी परत जायचा. त्याच्यासाठी मुली पाहायला सुरुवात केली, तर दोन ठिकाणी बोलणी मोडली. मुलगा चांगला, पण बाप मढे काढतो.

तिसरी मुलगी पसंत पडली ती साकोलीकडची, रुचिका. तेव्हा देवानंद घरी आला आणि ओसरीवर उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, मी आडनाव बदललं. आता मी आसगावकर आहो."

तुलाराम जाळं शिवत होता. "काहून?"

"काहून म्हंजे? तुमाले माहीत नाही?"

"पोरीच्या घरी मी कोन हाओ म्हनून सांगतलं?"

"मच्छीमार. खोटं नाही सांगतलं." मग तो म्हणाला, "आता लग्न होयेपर्यंत तरी जाऊ नोका, बाबा. कोनीही बोलावलं तरी."

तुलारामने मान हलवली. त्याने खरंच ठरवलं होतं. पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे नाचगाण्याच्या जत्रा, सुरू झाल्या, आणि तुमसरकडून फोन आला. जमादार ओळखीचा होता. कॉलेजात शिकणारा मुलगा, भूपेंद्र नावाचा, मित्रांबरोबर पोहायला गेला आणि वर आला नाही. बचाव पथकाची मोटरबोट कालपासून फिरते आहे. मुलाची आई काठावरून उठत नाही.

"मी आता जात नाही, साहेब," तुलाराम म्हणाला. "वय झालं. कोनतं गाव?"

"बपेऱ्याच्या पुढं. कन्हारी."

तुलारामने फोन ठेवला. मग त्याने खुंटीवरचा दोर काढला. रेवताबाईने दारातच अडवलं, "पोराले काय कबूल केलं होतं?"

"कन्हारी होय, रेवते," तो म्हणाला. तिला ते कळलं की नाही कुणास ठाऊक, पण ती दारातून बाजूला झाली.

बपेऱ्यापर्यंत बस होती, पुढे पोलिसांच्या गाडीने नेलं. गाव साधंच होतं. कौलारू घरं, धानाची रचलेली पुंजणी, चिंचेखाली देवीचं ठाणं. आपलं म्हणावं असं त्याला काही दिसलं नाही. नदीवर अख्खं गाव जमलं होतं. भूपेंद्रचा बाप भैय्यालाल गावातला किराणा दुकानदार. तो पुढे आला आणि त्याने तुलारामचे पाय धरले. आई रत्नाबाई वाळूत बसली होती. तिच्या मांडीवर मुलाची चप्पल आणि शर्ट होता. ती रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती एवढंच सांगत होती, "थंड लागते त्याले."

तुलाराम पाण्यात उतरला आणि त्याच्या लक्षात आलं, की ही नदी त्याला ठाऊक असलेली नदी नाही. वाळू काढणाऱ्या यंत्रांनी पात्र खणून टाकलं होतं. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकावं तर खाली विहिरीसारखा खड्डा. खड्ड्यातून खड्डा निघाला होता, कडा ढासळत होत्या, पाणी आतल्या आत फिरत होतं. तो पुन्हा पुन्हा खाली गेला. हाताला गाळ लागला, झाडाची फांदी लागली, बोटाला टोचेल असं लोखंड लागलं. कापड लागलं नाही.

दुपारी दम खायला तो काठावर बसला. कुणीतरी त्याला चहा आणून दिला. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. लीलाबाई तिचं नाव, गावातली सगळ्यांत वयस्क बाई. कमरेत वाकलेली, पण नजर शाबूत.

"कोनाचा होस तू बाबू? जमादार म्हने, कन्हारे नाव आहे तुयं."

"माहा आजा इथलाच होय, आजी. गुलाब. अकालात आसगावले आला."

म्हातारीने त्याचं तोंड निरखून पाहिलं. "गुलाब ढिवर? डोंगा चालवे तो?"

"मले नाही मालूम. डोंगा चालवे का?"

"अकाल नाही बाबू. अकाल कायचा?" ती हळू आवाजात सांगू लागली. तिचा स्वतःचा जन्म नव्हता तेव्हाची गोष्ट, तिच्या मायने तिला सांगितलेली. पलीकडच्या गावात मंडई होती. रात्रभर दंडारीचं नाटक पाहून बाया आणि लेकरं पहाटे परतली. गुलाबने डोंग्यात, त्याच्या लाकडी होडीत, माणसं जास्त घेतली. थंडी होती, सगळ्यांना घरी जायची घाई, कुणी मागं राहायला तयार नव्हतं. धारेत डोंगा कलंडला. गुलाब एकटा पोहून निघाला. "माह्या मायची मोठी बहीन होती त्याच्यात. कडेवर लेकरू. काठावरून लोकं वरडत होते, काढ रे, काढ रे, अन् तो पान्यात परत गेलाच नाही. उभा राहून थरथरे म्हनतात. उजाडल्यावर लोकं त्याले शोधाले गेले, त घर रिकामं होतं." म्हातारीने खालच्या धारेकडे हात केला. "मढे खाली दूरवर वाहून गेले. अर्धे त भेटलेच नाही."

तुलारामच्या हातातला चहा गार झाला होता. आपल्या बापाला त्याने पोटात पाणी भरून, नाकातून रक्त येऊन नदीबाहेर पडताना पाहिलं होतं. का, असं विचारलं तर बाप म्हणायचा, तुझ्या आजानं सांगितलंय. आजाने कशापायी सांगितलं होतं, ते आज या वाळूत बसून कळलं.

"तुमाले राग असन आमचा," तो म्हणाला.

"कोनाचा राग धरू आता? ज्यायले राग होता ते मेले सारे," लीलाबाई म्हणाली. "तू कायले रडतं?"

तो उठला. जमादार म्हणाला, तुलारामभाऊ, पुरे करा आता, अंग निळं पडलं तुमचं. त्याने ऐकलं नाही. कमरेचा दोर दगडाला अडकतो म्हणून तोही त्याने सोडून ठेवला. असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि कुणी केलं असतं तर त्याने त्याच्या कानाखाली मारली असती. सर्वांत खोल खड्ड्यात तो शिरला. तळाला हात टेकतो न टेकतो तोच वरची कड ढासळली आणि वाळू पाठीवर आली. तोंड उघडलं. पाणी आणि वाळू एकदमच आत गेली. त्याला भूपेंद्रला हाक मारायची होती, चाल बापू म्हणायचं होतं, पण कुणाला म्हणणार? हाताला कुणीच लागलं नव्हतं.

पथकाच्या बोटीतल्या पोरांनी बुडबुडे पाहिले आणि त्याला ओढून काढलं. काठावर पालथं घालून त्याच्या पाठीवर दाबलं. शुद्ध आली तेव्हा रत्नाबाई त्याच्यापाशी वाकलेली दिसली. ती विचारत होती, "माह्यावाला कुठं हाय? तुमी एकटेच काहून आले?"



भूपेंद्रचं प्रेत दोन दिवसांनी आपसूक वर आलं, पार खालच्या अंगाला. ओळख पटली ती कमरेच्या पट्ट्यावरून. तुलाराम तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता. फुफ्फुसात गाळ गेला होता, ताप उतरत नव्हता. बातमी रेवताबाईने सांगितली. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

देवानंद कारखान्यातून सुटून थेट दवाखान्यात यायचा. पहिले काही दिवस तो रागाने बोललाच नाही. साकोलीच्या लोकांना सगळं कळलं होतं. होणाऱ्या सासऱ्याने निरोप धाडला होता, की विचार करून सांगतो. एका संध्याकाळी देवानंद सफरचंद चिरत बसला होता, तेव्हा तुलारामने त्याला गुलाबची गोष्ट सांगितली. खोकत, थांबत, काही न लपवता.

देवानंदची सुरी थांबली. "म्हनजे तुमी अन् आजोबा, सारी जिंदगी... त्याच्यापायी?"

"आमाले मालूम नव्हतं."

"मालूम असतं त?"

"तरी गेलो असतो," तो म्हणाला. "पन एवढी घमेंड नसती केली. कन्हारे खाली हात येत नाही म्हने."

देवानंदने चिरलेल्या फोडी बशीत ठेवल्या. "मी हे माह्या पोरायले सांगनार नाही, बाबा. तुमी पन नोका सांगू."

"नाही सांगत."

साकोलीचं लग्न शेवटी झालं, ते रुचिकाने हट्ट धरला म्हणून. वरठीला, एका मंगल कार्यालयात. तुलाराम खुर्चीवर बसून होता, अक्षता टाकायला उठला तेवढाच. तिच्या माहेरची माणसं नमस्कार करून लांबूनच जात होती. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तरी त्याने दाखवलं नाही. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला कायमची बंदी केली होती. तळ्यावरही आता तो काठावरूनच जाळं फेकतो आणि दोनदा फेकलं की धाप लागून बसतो.

यंदाच्या उन्हाळ्यात पवनीजवळ एक मजूर बुडाला. ठाण्यात नवा जमादार होता, त्याने जुन्या सवयीने फोन केला. तुलाराम म्हणाला, मला उतरता येत नाही. फोन ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. रेवताबाईने विचारलं कुठे, तर म्हणाला, "बसाले."

काठावर मजुराचा म्हातारा बाप एकटाच होता. परजिल्ह्यातली माणसं, गावात त्यांचं कुणी ओळखीचं नाही. तुलाराम त्याच्या शेजारी उन्हात जाऊन बसला. आपण कोण, हे त्याने सांगितलं नाही. पाणी आणून दिलं, डोक्यावर टॉवेल धरला. म्हातारा दर थोड्या वेळाने विचारायचा, "भेटन न हो?" तुलाराम मान हलवायचा, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नसे. बोट तिन्हीसांजेपर्यंत फिरली. मग मधल्या पाण्यातून कुणीतरी "भेटला" म्हणून हाक दिली आणि बोट काठाकडे वळली. म्हाताऱ्याला उठता येईना. तुलारामने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.