फुली मारलेले चेंडू

माझे बाबा गोल्फ खेळायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग मीरा रोडच्या आमच्या वन बीएचकेकडे. बाबा मुंबईतल्या एका क्लबात कारकून होते. ते निवृत्त झाले तेव्हा तिथल्या एका वृद्ध सभासदाने आपल्या पाच जुन्या स्टिक त्यांना देऊन टाकल्या. त्या कपाटावर ठेवल्या तर आईच्या कपाळाला आठ्या. मग एका रविवारी बाबा भाईंदरहून बस धरून समुद्राकाठच्या चौक गावाला गेले आणि दुपारी घरी येऊन म्हणाले, "जागा मिळाली."

जागा म्हणजे गावामागचा कडा. वर सपाट कातळ, मधेमधे गवत, चरणाऱ्या शेळ्या आणि तीन बाजूंना समुद्र. बाबांनी पावडरचे रिकामे डबे पुरून पाच होल केले, प्रत्येकाशेजारी बांबूला लाल फडकं. पाचवं होल घळीच्या पलीकडे होतं. घळीत खाली पाणी आत घुसलेलं. या कडेवरून मारलेला चेंडू त्या पाण्यावरून जाऊन पलीकडच्या गवतात पडायला हवा. इतकी देखणी जागा मी दुसरी पाहिलेली नाही, आणि आता ती मला पाहवत नाही.

दर रविवारी सकाळी बाबा आणि मी जायचो. स्टिक चादरीत गुंडाळलेल्या असायच्या. एकदा कंडक्टरने विचारलं, "अंकल, परदे के डंडे हैं क्या?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "हां, समंदर को परदा लगाने जा रहे हैं."

चेंडू ग्रँट रोडहून, जुने, वापरलेले. प्रत्येकावर बाबा तापवलेल्या सुईने बारीक फुली उमटवायचे. आपला चेंडू आपल्याला ओळखता आला पाहिजे, नाहीतर खेळात भांडणं होतात, म्हणे. भांडायला आम्ही दोघंच होतो.

चेंडू मारला की ते विचारायचे, "कुठे गेला?" त्यांना तो दिसलेला असायचाच, माझ्याकडून कौतुक वसूल करायची ती पद्धत होती. आई गेली त्या वर्षी, होळीनंतरच्या रविवारी, पाचव्या होलला त्यांचा चेंडू सरळ खाली समुद्रात गेला. बाबा हसऱ्या चेहऱ्याने वळले. "कुठे गेला?"

त्यांना दिसलंच नव्हतं. आई गेल्यापासून तो चेहरा मी पहिल्यांदाच हसरा पाहत होते. मी म्हटलं, "मधोमध, बाबा!" मग भराभर घळीला वळसा घालून पुढे गेले आणि खिशातला एक चेंडू गवतात टाकला. बाबा मागून आले, वाकले, बोटांनी फुली चाचपली आणि म्हणाले, "बघ, अजून हात आहे माझा." खरं सांगते, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

पुढे मी पद्धतशीर झाले. बाबा झोपले की मी गॅसवर सुई तापवून जास्तीच्या चेंडूंवर फुल्या मारायचे. दर रविवारी खिशात दोन-तीन चेंडू. इकडे बाबांचा चहा कपाबाहेर सांडू लागला, बसची पायरी ते पायाने शोधू लागले. मी दोनदा म्हटलं, "डोळे दाखवून येऊया का?" दोन्ही वेळा एकच उत्तर. "घळीपलीकडे चेंडू मारतोय मी. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" तेव्हा खरं सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही.

शेवटी बाबा जिन्यात पडले तेव्हा डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. दीड-दोन वर्षं आधी आला असतात तर होती ती नजर टिकवता आली असती, डॉक्टर म्हणाले. बाबा त्यांनाच समजावत होते, "पण मी नीट खेळत होतो हो." मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसले.

वर्षभरात सगळा अंधार झाला. मग एका सकाळी चौकची एक मावशी दारात आली. ती आमच्या सोसायटीत मासे विकायची आणि आम्हाला कड्यावरून ओळखायची. मी ओट्यापाशी होते, दार बाबांनी चाचपडत उघडलं. "कालवं काढाला गेले तवा कड्याखाली खडकान मिलालं," ती म्हणाली. "फुली हाय, तुमचंच न?" आणि तिने पिशवी बाबांच्या हातात दिली.

मी हात पुसत बाहेर आले तोवर बाबांनी चेंडू पलंगावर ओळीने मांडले होते. एकेकावरून अंगठा फिरवत होते. ओळ पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"पहिला कधी गेला?" त्यांनी विचारलं.

"आई गेली त्या वर्षी. होळीनंतर."

त्यांनी ओळीतल्या कडेच्या चेंडूवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा वेळ होता."

एवढंच. ते ओरडले असते तर मी पाय धरले असते, रडले असते. त्यांनी चेंडू पुन्हा पिशवीत भरले आणि चहा मागितला. त्यानंतर दीड वर्ष जगले, माझं कोपर धरून घरभर वावरले, पण गोल्फचं नाव काढलं नाही.

मी अजून रविवारी जाते. फडकी उडून गेलीत, डबे गंजलेत. पिशवीतले चेंडू मी पाचव्या होलला मारते, आणि मला खेळ येत नाही. चेंडू खाली जातो न जातो तोच उजव्या खांद्यामागून आवाज येतो. "कुठे गेला?" भुताखेतांवर माझा विश्वास नाही. घळीत वारा घुमतो, हे मला कळतं. तरी मागे वळून बघायची हिंमत होत नाही.

"समुद्रात गेला, बाबा," मी मोठ्याने सांगते. मग त्यांनी आणखी काही बोलावं म्हणून स्टिक धरून थांबते.