मतदानाची सुट्टी

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत तो ट्रॉली ओढायचा. कंत्राटी, परभणीकडचा. माझ्याशी बोलण्याआधी चिंधीनं दोन्ही हात पुसायचा. मतदानाला गावी जायला त्यानं सुट्टी मागितली. माल अडकला होता, मी नाही म्हटलं.

"तुझ्या एका मतानं काय अडतंय, भाऊ?"

"काई नाई, साहेब. पर बूथवर गुरुजी पूर्ण नाव पुकारतेत, बापाच्या नावासगट. तेवढं ऐकायला जातो."

मतदानाच्या दिवशी तो कामावर होता. खरं सांगतो, सुट्टी माझ्याच हातात होती, वर विचारायचीही गरज नव्हती. संध्याकाळी त्याचं नाव विचारावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांनी विचारायची लाज वाटली. गाडी भरायची राहिली होती.

"ए ट्रॉली," मी हाक मारली. तो लगेच आला.