प्रेसवाल्याला वन बीएचके

भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाला घराआधी किस्से मिळतात. मला दोन महिन्यांत इतके मिळाले, की ते ठेवायलाच एक वन बीएचके लागेल!

झालं असं, की माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आम्ही भाईंदरला चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी बजावलं, "नंतर जिने बंद. आधी घर बदला, मग तारीख घ्या." म्हणजे अट एकच, लिफ्ट हवी. पण एजंट लोकांना ती ऐकूच येत नाही. त्यांचं एकच, "सर, एकदम स्टायलिश है!"

*

पहिल्या एजंटने तीन फ्लॅटचे फोटो पाठवले. जेसल पार्क, काशीगाव आणि मीरा रोड. तिन्ही हॉलमध्ये तोच केशरी सोफा, शेजारी तेच प्लास्टिकचं झाड! म्हटलं, ह्याला रंगेहाथ पकडायचा. जेसल पार्कला पोचलो तर हॉल रिकामा.

"सोफा कुठाय?" मी आवाज चढवला.

तो शांतपणे म्हणाला, "सर, वो अभी काशीगाव में दिखाने गया है."

*

एका घरमालकाने लिफ्ट दाखवली, गॅलरी दाखवली, चहा पाजला. मग विचारलं, "काम क्या करते हो?"

"रिपोर्टर."

कप हातातून परत घ्यायचाच बाकी राहिला. "वकील, पुलिस, प्रेस... किसी को नहीं देता. खाली नहीं करते."

मी भडकलो. "एका तरी पत्रकाराने तुमचं घर अडवलंय?"

"किसी को दिया ही नहीं," तो म्हणाला. "इसलिए तो बचा है!"

*

माझ्याकडे मोटार नसल्यामुळे आमच्या पेपरचा फोटोग्राफर पास्कल मला स्कूटरवरून फिरवायचा. तो उत्तनच्या कोळीवाड्यातला, घरची मासेमारीची बोट आहे. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने नाव-गावही न विचारता सुरुवात केली, "नॉन-व्हेज?"

मी बाह्या सरसावल्या. कोण काय खातं हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, इथपासून सुरुवात करणार होतो. तेवढ्यात त्याने पास्कलकडे बोट दाखवलं, "और ये भी साथ में रहेगा?"

पास्कल म्हणाला, "न्हाय हो, मी ऱ्हानार न्हाय. मी फक्त मावरं आनून देनार हाय!"

ते घर तिथेच गेलं.

*

एक घर मात्र खरंच स्टायलिश होतं. बेडरूम आणि बाथरूमच्या मध्ये भिंतच नाही, आख्खी काच! मालकीण तरुण होती, इंटिरियर डिझायनर.

"इथे पडदा लावता येईल ना?" मी विचारलं.

"अंकल, पडदा लावला तर कन्सेप्टच जातो."

मी कन्सेप्टवर तुटून पडणार, तोच सुनंदा तिला म्हणाली, "बाळा, लग्नाला एकतीस वर्षं झाली. आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही गं!"

*

शेवटी हायवेच्या बाजूची एक सोसायटी. नवीकोरी बिल्डिंग, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, फोटोत चकचकीत लिफ्ट. कमिटी भाडेकरूचा इंटरव्ह्यू घेते म्हणे! आयुष्यभर मी लोकांचे घेतले, आता माझा. तळमजल्यावरच्या ऑफिसात पाच जण ओळीने बसले होते. सुनंदा समोरच्या खुर्चीवर टेकली.

मी त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. "मी पत्रकार आहे. मासे खातो. चुकीचं दिसलं की लिहितो. घर द्यायचं नसेल तर आत्ताच सांगा, सुट्टी टाकून आलोय!"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. मग सेक्रेटरी उठले आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा हात धरला.

"अहो साहेब, असाच भाडेकरू शोधतोय आम्ही! एनओसी आज, चावी आज!"

खजिनदारांनी कपाटातून वीतभर जाडीची फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. "बिल्डरविरुद्ध आहे सगळी. एक पेपर हात लावत नाही."

तीस वर्षांत असा मान कुणी दिला नव्हता. मी फाइलची नाडी सोडायला लागलो.

"घर बघून येऊ या का आधी?" सुनंदा म्हणाली. "लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?"

सेक्रेटरींनी फाइलचं पहिलंच पान उघडून दिलं. "वहिनी, तीच तर पहिली बातमी!"

सुनंदाने पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसली.

"अहो, लिहा तुम्ही सावकाश," ती म्हणाली. "लिफ्ट सुरू होईपर्यंत मी आहे इथेच."