पुठ्ठ्याच्या मोटारी

ओल्या चुन्याचा वास आला की वर्तकनगरची ती बालवाडी आठवते. रस्ता सुरक्षेचा धडा मुलांना किती कळला, हे तपासणाऱ्या समितीबरोबर मी गेलेलो. पटांगणात चुन्याचे पट्टे, समोर हार घातलेले पाहुणे. पुठ्ठ्याच्या मोटारी घेऊन पोरं धावत आली, एका चिमुरडीने तळहात दाखवला आणि सगळ्या मोटारी थांबल्या. समितीने उभ्या उभ्या पूर्ण गुण दिले. शाळा सुटल्यावर तीच मुलगी फाटकाबाहेर रस्त्यात उतरली आणि भरधाव डंपरला तिने तळहात दाखवला. बाईंनी दप्तर धरून तिला मागे खेचलं. "अगं, डंपर दिसला नाही का?" "दिसला ना बाई. मी हात केलेला, तो थांबणारच होता." डंपर केव्हाच निघून गेला होता, तिचा हात अजून वरच होता. माजिवड्याच्या चौकात आम्ही सगळेच हात दाखवत रस्त्यात उतरतो. हल्ली मी आधी मागे बघतो, दप्तर धरणारं कुणी आहे का.